सव्वीस सवाष्णींची मतं

राजाबाई तारळे यांच्या पायाला भिंगरी आहे असं निपाणीत म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी तंबाखूच्या वखारीत, दुपारी बाळंतिणींच्या दवाखान्यात, दिवस कलताना नव्या विहिरीच्या कामावर. स्वस्थ बसलेली राजाबाई कुणाच्या पाहण्यात नव्हती. जेवायलाही ती उकिडवीच बसायची, म्हणजे उठायला सोपं.

उचगावच्या शेतकऱ्याची ही लेक अकराव्या वर्षी निपाणीच्या वखारवाल्यांच्या घरात सून म्हणून आली. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत नवरा मारुतीराव चार दिवसांत गेला. दिरांनी वखार वाटून घ्यायचं ठरवलं, त्याच दिवशी हिनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोवला. दिरांना वाटलं, बाईमाणूस, महिन्याभरात कंटाळेल. पुढं दीर कंटाळले. मुनीमाकडून ती अक्षरं शिकली आणि प्रत्येक कागदावर ‘राजाबाई कोम मारुतीराव तारळे’ अशी सही ठोकू लागली. कोम म्हणजे अमक्याची बायको. सरकारी कागदाला बाईचं नुसतं नाव चालत नसे. गेलेल्या माणसाचं नाव लिहायला तिला काही जड गेलं नाही, आणि पुढं हाताला सवयच झाली.

वखारीत साठ-सत्तर बायका तंबाखू चाळायच्या. तोंडाला फडकं बांधलं तरी तंबाखूचा तिखट खाट नाकातोंडात जायचाच. त्यातली नागुबाई एकदा बोंदऱ्यांच्या, म्हणजे तंबाखूच्या पोत्यांच्या, थप्पीआड बाळंत झाली. रक्त थांबेना. राजाबाईनं तिला आपल्या टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, दोन रात्री उशाशी जागली, आणि ती वाचल्यावर वखारीशेजारीच बाळंतिणींसाठी तीन खोल्या बांधून डॉक्टरीण ठेवली. गावानं वाहवा केली. पण तेवढ्यानं ती गप्प बसणार होती होय? तिनं बाकीच्या वखारवाल्यांना बोलावून सांगितलं की बाळंतिणीला महिनाभर घरी बसवा आणि पगार चालू ठेवा. वखारवाले हसले. असला कायदा गिरण्यांना आहे बाई, म्हणाले, वखारींना कुठाय?

“मग कायदा करूया की,” राजाबाई म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असंच सगळ्यांना वाटलं. पण छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक येणार असं जाहीर झालं आणि आपण ती लढवायची म्हणून राजाबाई बेळगावला चिंतामणी वकिलांच्या दारात जाऊन उभी राहिली. वकील सरळ माणूस. त्यांनी चहा दिला आणि तोंडावरच सांगून टाकलं, की ज्यांच्यावर तुम्ही उपकार केलेत त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना तुम्ही नकोशा झालेल्या आहात. मत होतं ते घर-जमीनवाल्यांना. मग बोलता बोलता ते म्हणाले, हां, एक वाट आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला मत मिळतं. फक्त तिनं कारकुनासमोर बसून अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला पाहिजे.

परतीच्या मोटारीत राजाबाईला धड बसवेना. संकेश्वरला मोटार पाणी भरायला थांबली, तेवढ्यात तिनं दुकानातून पाट्या-पेन्सिली घेतल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या.

वखार सुटल्यावर तिन्हीसांजेला पडवीत शाळा भरू लागली. शिकवणारी राजाबाई, आणि तिच्यासारखी घिसाडघाई करणारी मास्तरीण कुठल्या लेकराला मिळू नये. दोन दिवसांत अक्षर आलं नाही तर ती पाटी ओढून घ्यायची. बायका दिवसभर खोकून, लेकरं सांभाळून तिथं येत, आणि तरी येत. तीन महिन्यांत अडतीसजणी तयार झाल्या. सगळ्यांत हुशार नागुबाई. तिचं अक्षर राजाबाईपेक्षा वळणदार होतं, आणि हे राजाबाईला फारसं आवडलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

ठरल्या दिवशी कारकून निपाणीच्या चावडीत येऊन बसला. बायका धुवट लुगडी नेसून रांगेनं आल्या. पहिल्या बारा जणींनी अर्ज लिहिले, कारकुनानं वाचायला लावलेल्या दोन ओळी चाचपडत वाचल्या आणि त्या बाहेर आल्या. तेराव्या बाईनं टाक घेतला, स्वतःचं नाव लिहिलं, आणि टाक खाली ठेवला. कारकून म्हणाला, पुढं लिही, नवऱ्याचं नाव. बाईनं मान हलवली. तिच्यामागची तशीच. तिच्यामागचीही तशीच.

राजाबाईनं मग त्या पहिल्या बारा जणींकडं नीट पाहिलं. बाराच्या बारा विधवा होत्या. मागं उभ्या राहिलेल्या सव्वीसजणी सवाष्णी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. शाळेत त्यांनी घर लिहिलं, तंबाखू लिहिलं, निपाणी लिहिलं. नवऱ्याचं नाव काही कुणी लिहिलं नव्हतं आणि मास्तरणीच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ हिला मैलावरून दिसायचं.

तिनं आधी समजावलं. हळदी-कुंकवाला उखाण्यात घेताच की नाव, मग इथं काय झालं? एकजण म्हणाली, ते देवादिकांच्या नावात गुंडाळून घेतो, आक्का, हे तर उघडं सरकारच्या कागदावर. कारकून टाक आपटू लागला. त्याला दुपारची मोटार गाठायची होती. राजाबाई चावडीच्या पायऱ्या चार वेळा उतरली, चार वेळा चढली. तिला कळून चुकलं होतं की सगळ्याजणी नागुबाईकडं बघताहेत. नागुबाईनं लिहिलं तर सगळ्या लिहितील.

नागुबाईचा नवरा मष्णू वखारीतच हमाल होता. दोन वर्षांपासून खोकत होता, आणि पावसाळा लागल्यापासून घरीच होता.

“नागू, नाव लिवलं म्हणून माणूस मरत न्हाय,” राजाबाई म्हणाली.

“तुमचं मालक गेल्यात, आक्का,” नागुबाई हळूच म्हणाली. “तुमास्नी कशाचं भ्या?”

राजाबाईला हे लागलं. लागलं म्हणूनच ती पुढचं बोलली असावी. दिलेलं दान बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं जन्मात कधी ते केलं नव्हतं. त्या दिवशी, कारकुनाच्या देखत, अडतीस बायकांच्या देखत, तिनं ते केलं.

“बोंदऱ्यांमागं पडलीवतीस तवा तुला कुणी उचलली, नागू? म्या तुज्याकडं आजपतूर काय मागितलंय?”

नागुबाई पुढं झाली. ती कारकुनासमोर बसली, टाक दौतीत बुडवला आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, नागुबाई कोम मष्णू. मग बाकीच्या पंचवीसजणींनी लिहिलं. काहींनी ते नाव कागदाकडं न बघताच लिहिलं, कारकुनाला अक्षर लागेना, तरी त्यानं अर्ज ठेवून घेतले. राजाबाई खुशीत घरी आली. निदान आपण खुशीत आहोत असं तिनं घरच्यांना सांगितलं.

मार्गशीर्षात मष्णू गेला.

डॉक्टरनं क्षय म्हणून सांगितलं. राजाबाईनं त्याला तीन-तीनदा विचारून घेतलं, छाती कधीपासून खराब होती, वाचला असता का, किती दिवसांचा सोबती होता. मग ती वखारीत, दवाखान्यात, विहिरीवर, भेटेल त्याला सांगत सुटली की मष्णूची छाती दोन वर्षांपूर्वीच गेली होती. कुणी वाद घातला नाही. सगळे व्हय म्हणत. कुणी एकदा तरी तोंडावर म्हणावं की तू मारलास त्याला, असं तिला वाटायचं, म्हणजे भांडता तरी आलं असतं. पण बायका खाली मान घालून तंबाखू चाळत राहिल्या. तिन्हीसांजेची शाळा आपोआप बंद पडली. नागुबाई बाराव्या-तेराव्यानंतर कामावर आली, कपाळ पांढरं घेऊन, आणि नेहमीच्या जागी बसली. राजाबाई तिच्याशी बोलायला म्हणून रोज त्या बाजूला जायची आणि चाळणी तपासून परत यायची.

प्रचार तर चालूच होता. खानापूरच्या वेशीपासून दूधगंगेपर्यंत तिनं गावं पालथी घातली. सभेत बोलता बोलता तिचा धागा तुटायचा. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. वकील म्हणाले, उभं राहिलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. तिनं मान डोलावली आणि खरं कारण काही त्यांना सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून ती मराठी शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या फळीपाशी उभी होती. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं. बायका येतात की नाही. मोठे लोक मोटारीतून आले, मतं टाकून गेले, तिच्याकडं बघून हसले. दहाच्या सुमारास वखारीच्या बोळातून बायका येताना दिसल्या. सगळ्या होत्या. पुढं नागुबाई.

शाळेची खिडकी रस्त्याकडं उघडी होती. आत अधिकाऱ्यानं यादी पुढं ओढून नाव विचारलं.

“नागुबाई कोम मष्णू,” नागुबाई म्हणाली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.

तिनं मत टाकलं, पण ती बाहेर आली नाही. तिच्यामागच्या बाईला अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं आणि ती बाई लुगड्याचा पदर चावत उभी राहिली. तेव्हा नागुबाई टेबलाशी परतली. अधिकाऱ्याला म्हणाली, साहेब, हिच्या मालकाचं नाव परशराम. म्या सांगितलं तर चालंल न्हवं? अधिकाऱ्यानं यादीत पाहिलं आणि म्हणाला, चालेल की, आम्हाला काय, ओळख पटल्याशी काम. पुढची आली. हिच्या मालकाचं नाव आण्णाप्पा. पुढची. हिच्या मालकाचं शामू. एकेक नाव खिडकीतून बाहेर येत होतं. पंचवीस बायकांच्या पंचवीस नवऱ्यांची नावं नागुबाईनं घेतली, आणि एकाही बाईला तोंड उघडावं लागलं नाही.

राजाबाई दुकानाच्या फळीवर बसली. दुकानदार तिला पाणी आणायला धावला, कारण ही बाई बसलेली त्यानं प्रथमच पाहिली होती. चावडीत त्या दिवशी ती पाच पावलांवर उभी होती. कारकून तिला बाईसाहेब म्हणत होता. साहेब, ह्यांचं नाव ह्या लिहितील, मालकांची नावं मी लिहिते, मला कशाचं भ्या, एवढं एक वाक्य. तो नाही म्हणाला असता तर वकील होते, मामलेदार होता. हे आपल्याला का सुचलं नाही? तिला उत्तर ठाऊक होतं. उपकाराची फेड मागून काम होत असेल तर दुसरी वाट शोधतो कोण.

चार दिवसांनी निकाल लागला. राजाबाई सतराशे मतांनी पडली. सव्वीस मतं इकडची तिकडं झाली असती तरी काही फरक पडणार नव्हता. वकिलांनी धीर दिला, दिरांनी पेढे वाटले. ती त्याच दुपारी उन्हातनं चालत नागुबाईच्या खोपटाकडं गेली. नागुबाई दारात धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पोतं अंथरलं. राजाबाई त्यावर नीट मांडी घालून बसली.

नागुबाईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

“नागू,” राजाबाई म्हणाली, “चावडीत ती नावं म्या लिवाय पायजे हुती.”

“व्हय, आक्का,” नागुबाई म्हणाली, आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.