पार्टिशनपलीकडचे सावंत

शेजारच्या टेबलावरचे सावंत आज निवृत्त होताहेत. कंपनीच्या अंतर्गत ऑनलाइन वॉलवर सकाळीच त्यांचा फोटो लागला. मी त्याखाली लिहिलं, ‘तुमची उणीव भासेल.’ पार्टिशनपलीकडे त्यांच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. मग कीबोर्डची टकटक ऐकू आली, आणि माझ्या स्क्रीनवर उमटलं, ‘आभारी आहे, मॅडम.’ आमच्यामध्ये फक्त एक फळी.

दिवसभर ते टिंग टिंग चालूच. एवढी माणसं हळहळताहेत, पण त्यांच्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही. मला चैन पडेना. उठून जावं म्हटलं, पण जे लिहून झालंय तेच पुन्हा काय बोलायचं?

संध्याकाळी सावंतच फळीवरून डोकावले. “मॅडम, जाता जाता एक चहा घेऊ या का?”

‘हो’ म्हणण्याआधी माझी बोटं आपसूक कीबोर्डकडे वळली.