सुमनकाकूंचा डबा

सुनेच्या बाळंतपणासाठी आज डिंक तळला, आणि त्या वासाने मला थेट तीसेक वर्षांपूर्वीच्या नेरूळमध्ये नेऊन उभं केलं.

घर बदलायचं होतं. नको असलेलं सामान आम्ही दारासमोरच्या पॅसेजमध्ये विकायला मांडलं होतं. किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचं अवघड काम अर्थातच माझ्याकडे होतं. शेजारच्या सुमनकाकूंनी एक स्टीलचा डबा उचलला.

"काकू, पंधरा म्हणजे फुकटच!" मी म्हणालो. त्यांनी दिलेले पैसे मी खिशात टाकले.

मग काकूंनी नखाने चिठ्ठी सोलली. खाली कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. सुमनला आईकडून'. चिठ्ठी लावताना मी ते वाचलंही नव्हतं. आमच्या मुलाच्या वेळी याच डब्यातून त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते आणि डबा परत करायचा राहून गेला होता.

काकू माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "अगं, डबा रिकामा परत करू नये. चिमूटभर साखर तरी घाल."

तिने खाली मानेने साखर घातली. मला एवढंच सुचलं, "काकू, पिशवी देऊ का?"

"कशाला? समोरच तर जायचंय," म्हणत त्या गेल्या. पंधरा रुपये माझ्या खिशातच राहिले.