आबाच्या पोटावरचा कीबोर्ड

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत आबाच्या ओसरीवर आम्ही म्हातारे रोज सकाळी बसायचो. तिथले किस्से इतके साठलेत, की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. वनसिंग गुरुजी तर म्हणतात, "सर, तुम्ही घडलेलं सांगत नाही, तपासून दुरुस्त केलेलं सांगता!" जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्राचे पेपर तपासले, त्याचा परिणाम असेल. किंवा गुरुजींचं चुकत असेल. पण गुरुजींचं सहसा चुकत नाही, हीच तर काळजी आहे.

आबा साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांची रांग लावायचा. त्याची शिवी गेटापासून वजनकाट्यापर्यंत ऐकू जायची, आणि ज्याला बसायची तो हसत पुढे जायचा. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत! आम्ही भेटायला गेलो, की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा शकूवहिनी, म्हणजे आबाची बायको, मला बाहेर अंगणात घेऊन गेल्या.

"भाऊ, हाऊ मानूस उलटं बोल्याबिगर जगाव नही. काहीबी करा, पन याले बोलतं करा."

सुरतला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला. आमचे किस्से तिथून सुरू होतात.

* * *

पहिल्या दिवशी लॅपटॉप आबाच्या मांडीवर ठेवला. स्क्रीन त्याच्याकडे, म्हणून आम्ही सगळे त्याच्या डोक्यामागे उभे. वहिनी, गुरुजी, मी, शेजारचे दोघंतिघं. आबानं डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर शोधायला सुरुवात केली. मी तर मनात म्हणत होतो, देवा, निदान 'पाणी' तरी लिहू दे.

बऱ्याच वेळानं वाक्य पुरं झालं.

"गर्दी का करतस? मी आजून मरेल नही!"

वहिनी रडत रडत चहा ठेवायला गेल्या.

* * *

आबाचा हात गाड्यांच्या पत्र्यावर थापा मारून तयार झालेला. लॅपटॉपची बटणं त्या माराला किती दिवस पुरणार? काही बसली, काही उडाली. मग शहाद्याहून वायरचा वेगळा कीबोर्ड आणला. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून मीच लॅपटॉपच्या मूळ कीबोर्डवर आडवा ठेवला.

झालं! आबानं हात लावायच्या आत स्क्रीनवर एकच अक्षर धावायला लागलं. ओळी भरल्या, पानं भरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहीतरी बाहेरचं दिसतंय." गुरुजी मोलगीकडचे, ते म्हणाले, "आमच्या डोंगरातला देव झाडात राहतो बाई, पत्र्याच्या डब्यात नाही येत."

मी व्हायरसवर बोललो. लॅपटॉप बंद-चालू केला. पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला, त्यानं सांगितलेलं सगळं केलं. अक्षर काही थांबेना. शेवटी आबा भडकला आणि मला मारायला त्यानं तो कीबोर्ड उचलला.

अक्षर थांबलं!

खालची बटणं वरच्या कीबोर्डच्या वजनानंच दाबली जात होती. आबानं कीबोर्ड खाली घेतला आणि शांतपणे लिहिलं, "तुले पीएचडी कोनी दिनी? त्याले मन्हाकडे धाड."

* * *

कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या घरी चहा कसा असतो, हे बाहेरच्यांना कळणार नाही. चमचा उभा राहतो! असा एक पूर्ण कप आबाच्या हातून कीबोर्डवर सांडला. दुसऱ्या दिवशी बटणांच्या फटीफटीतून मुंग्या ये-जा करत होत्या. आबा त्यांना बोटानं रांगेत लावत होता. जुनी सवय!

मी म्हणालो, विद्युत उपकरण आहे, कुणी हात लावू नका. मी वाचून बघतो. मी वाचून येईपर्यंत वहिनींनी कीबोर्ड नळाखाली धरून राखेनं नाही, एवढीच कृपा, पण साबणानं घासला होता आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातला होता. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन! कुरडयांच्या आधी कीबोर्ड वाळला.

आणि चालला! फक्त दोन शब्दांत जागा सोडायचं लांब बटण कायमचं मेलं. त्यानंतर आबाची वाक्यं सलग यायला लागली. गुरुजी ती शाळेतल्यासारखी मोठ्यानं, एका दमात वाचायचे आणि शेवटी धाप लागून खुर्चीत बसायचे. आबानं हे ओळखलं. तेव्हापासून तो मुद्दाम लांब वाक्यं लिहायला लागला.

* * *

मग मुलानं बिनवायरचा कीबोर्ड आणला, आबाच्या हाताचा मार ओळखून जादाचा एक सोबत. आता लॅपटॉप ओसरीवरच्या टेबलावर, अक्षरं ही एवढी मोठी. आबाची खाट दाराशी आणि कीबोर्ड पांघरुणाखाली त्याच्या पोटावर. नवख्या माणसाला कळायचंच नाही, की लिहितंय कोण.

रनाळ्याचे एक पाहुणे आले. चारधाम करून आले होते आणि प्रत्येक धाम सविस्तर होता. दुसऱ्या धामाच्या चढावर असताना त्यांची नजर स्क्रीनवर गेली.

"चहा पी झाया ना? आते उठा."

पाहुणे दचकले. "वहिनी, तुमचा कंप्युटर मला उठा म्हणतोय!"

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "त्याले काय समजस भाऊ? नवा शे ना आजून."

पाहुणे बसले. तिसरा धाम सुरू झाला. खाट मात्र गदागदा हलत होती. आबा अर्ध्या तोंडानं हसला, की खाट हलायची.

* * *

आता शेवटचा. हा मी पुष्कळांना सांगितलाय.

पुढच्या हिवाळ्यात आबाला दुसरा झटका आला. डावा हातही सैल पडला. दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी मी आणि गुरुजी जायलाच तयार नव्हतो. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे आम्हाला दिसत होतं. कॉलनीच्या वळणावर थांबून गुरुजी म्हणाले, "सर, तुम्ही पुढे व्हा."

गेलो. सगळं पूर्वीसारखंच होतं. टेबलावर लॅपटॉप, दाराशी खाट, आबाच्या पोटावर कीबोर्ड आणि त्यावर त्याचा हात. बोलायचं काय? गुरुजींनी काहीतरी बोलायचं म्हणून विषय काढला, की मोलगीच्या बाजारातून आबासाठी आमचूर आणतो.

स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली.

"मांगला सालना आमचूर गोड व्हता. गुरुजी, तुमी बजारमा नजर घरी ठी जातस का?"

गुरुजी ताडकन उठले. "गोड? आमचा आमचूर गोड?" आणि भांडण असं पेटलं, की आम्ही घाबरत आलो होतो हेच विसरलो. खाट हलत होती.

मग तो सगळा हिवाळा असाच गेला. आबाची बोटं मला हलताना दिसायची नाहीत. पण माझा मोतीबिंदू पिकायला आलेला, त्यामुळे मी कुणाला बोललो नाही. चहा मात्र अलीकडे उशिरा यायचा. मी एकदा आत हाक मारली, तर स्क्रीनवर आलं, "तिले आवाज नका देऊ, ती काममा शे."

एका सकाळी चहा आला. सगळ्यांनी घोट घेतला. वहिनी रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं स्क्रीनवर अक्षरं आली.

"चहा पानचट शे. शकू म्हतारी व्हई गयी."

आम्ही हसलो. गुरुजींनी सवयीनं ते मोठ्यानं वाचलं. आतून वहिनींचा आवाज कडाडला, "कोन म्हतारी? पेवाना व्हई ते पेवा, नही ते ऱ्हाऊ द्या!"

आबा इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी उठून ते पुसलं.

त्या उन्हाळ्यात आबा गेला. वहिनी मुलाकडे सुरतेला गेल्या. काही वर्षांनी माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी तिकडे गेलो, तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून त्या चहाच्या सकाळबद्दल विचारलंच.

वहिनी पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "त्यासना कीबोर्डना सेल मीच काढी ठेयेल व्हतात भाऊ, दवाखानामाईन उनूत त्याच दिन. दुसरा कीबोर्ड मन्हा पोळपाटजोडे ऱ्हाये."