पस्तीस अंशांपर्यंत चालणारा फोन

समजा, तुम्हाला एक फोन घ्यायचा आहे. हौसेसाठी नाही, कामासाठी. त्यावर ऑफिसचे ईमेल यायला हवेत, त्यांना दोन तासांच्या आत उत्तर द्यायला हवं, आणि दिवसभर तो अंगावर बाळगता यायला हवा. आता एवढंच ठरवा, की तो कोणत्या खिशात ठेवाल? शर्टाच्या खिशावर थेट ऊन येतं. पँटच्या उजव्या खिशात मोटरसायकलची किल्ली आणि पान्हा आहे. डाव्या खिशात कांदा आहे.

कांदा ऊन लागू नये म्हणून. आमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी बाहेर काम करणारी कितीतरी माणसं तो ठेवतात. किशोरमामानं अकरा उन्हाळे ठेवला.

किशोरमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. अमरावतीत साईनगरला राहतो. त्याचं काम गावोगावच्या हवामान केंद्रांची निगा राखणं. केंद्र म्हणजे तारेच्या कुंपणात उभा केलेला लोखंडी खांब, त्यावर तापमान, वारा आणि पाऊस मोजणारी यंत्रं, एक सौर पॅनल, एक बॅटरी. दर पंधरा मिनिटांनी आकडे आपोआप पुण्याला जातात. पण पॅनलवरची धूळ आपोआप पुसली जात नाही. पाऊस मोजायच्या नरसाळ्यात चिमण्या काड्या टाकतात, बॅटरीच्या पेटीत गांधीलमाश्या पोळं करतात. ते सगळं मामाकडे. तिवसा, चांदूर रेल्वेपासून मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि पार अकोल्यापर्यंत बावीस केंद्रं. नोकरी पुण्याच्या एका एजन्सीची, दर एक जूनला नवा करार. कोणी विचारलं तर तो सांगायचा, "मी खांब पुसतो." पण खांबाला तळहात लावून तो तापमान सांगायचा आणि आकडा एखाद्या अंशानं चुकला तर चुकायचा.

जानेवारीत एजन्सीचा नवा नियम आला. प्रत्येकानं स्वतःचा स्मार्टफोन घ्यायचा, कंपनीचा मेल त्यावर ठेवायचा, केंद्राचे फोटो त्यावरून पाठवायचे. मामाकडे बटणांचा फोन होता, रबरबँड लावलेला. मामा माझ्याकडे आला, कारण घरात इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर मीच.

मी दोन दिवस अभ्यास केला. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, किंमत, सगळ्याचा तक्ता केला. मग आम्ही राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. करिश्मा नावाच्या मुलीनं चार फोन काढून काचेवर ठेवले. मामानं एक उचलला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, खांबाला ठेवतो तसा.

"मॅडम, हा खिशात किती तापते?"

करिश्मा हसली. "काका, खिशात कोण ठेवते आजकाल? दिवसभर हातातच असते लोकांच्या."

"लोकाईच्या असंल. माह्या हातात पान्हा राह्यते."

"मामा, ते सोड," मी म्हणाले. "याची बॅटरी बघ, दोन दिवस चालते. आणि मेमरी दुप्पट आहे."

"चालते उन्हात?"

"अरे, सगळे चालतात."

मामानं पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो आणि तिचा शब्द मोडत नाही. बिल झाल्यावर तो तिथेच, दुकानात, माझ्या पायाशी वाकला. "भाचीनं निवडला म्हणजे झालं," म्हणाला. करिश्मालाही त्यात नवल वाटलं नाही. तिनं खोकं पिशवीत घातलं.

फेब्रुवारी बरा गेला. मामा मेल लिहायला शिकला. सुरुवातीला प्रत्येक मेलच्या शेवटी "आपला नम्र" लिहून पूर्ण पत्ता द्यायचा. एप्रिलमध्ये फोननं कुरकुर सुरू केली. आधी पडदा अंधूक व्हायचा, मग कॅमेरा उघडायचा नाही, मग पडद्यावर एक थर्मामीटर यायचा आणि सगळं बंद.

"फोन म्हणते, मले आधी थंडा होऊ द्या," मामा जेवताना सांगत होता.

"मंग त्याच्याही खिशात कांदा ठेवा," सीमामामी म्हणाली. "नाहीतर त्याले घरी ठेवा अन् तुमी जा. तुमाले कुठं काही होते?"

मामानं उपाय केले. दुपट्ट्याचं टोक ओलं करून फोन त्यात गुंडाळला, सुराही गुंडाळतात तसा. मोटरसायकलच्या डब्यात ठेवला, तर तिथे तो आणखी तापला. मी त्याला एक युक्ती सुचवली. केंद्रावर तापमापकाला ऊन लागू नये म्हणून पांढऱ्या चकत्यांचं एक छत्र असतं. कुंपणात सावली म्हणावी अशी तेवढीच. त्याच्याखाली पिशवीत फोन लटकव.

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "अन् त्याची आच वर गेली म्हणजे? आकडा चढन ना बाई. मंग इतकी वर्षं मी काय पुसून राह्यलो?"

एकोणीस मेला बोरगाव मंजूच्या पुढच्या केंद्राची बॅटरी बसली. मामा नवी घेऊन बारा वाजता पोचला. बसवली, यंत्र सुरू झालं. त्यानंतर फोटो काढायला गेला, तर फोन बंद पडला होता. एकच्या सुमारास पुण्याहून मेल आला. या वर्षी जागा कमी केल्या आहेत, करार पुढे चालू ठेवण्याची संमती तीन वाजेपर्यंत कळवावी, न कळवल्यास आपण इच्छुक नाही असे समजण्यात येईल.

मामा कुंपणाच्या तारा ताणत होता. अडीच वाजता तो जवळच्या शेतातल्या एका घरी गेला, पाणी प्यायला आणि फोन माठाला टेकवून बसला. फोन सुरू झाला तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती. त्यानं लगेच उत्तर लिहिलं, "मी तयार आहे. आपला नम्र." खाली पूर्ण पत्ता.

एक जूनला त्याचं लॉगिन बंद झालं.

मी त्याच्या वतीनं मोठा अर्ज लिहिला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. फोन उष्णतेमुळे बंद पडला असल्यास त्या ठिकाणच्या त्या वेळच्या तापमानाची नोंद पुरावा म्हणून जोडावी. ती नोंद त्यांच्याच यंत्रात होती. ती मागितली, तर कळवलं की नोंदी फक्त कार्यरत कर्मचाऱ्यांना पाहता येतात. पेपरमधलं अकोल्याचं कमाल तापमान पाठवलं. ते ग्राह्य धरलं नाही, कारण ते शहराचं होतं. त्यानंतर उत्तरं आली नाहीत.

अर्जाला बिल जोडायचं म्हणून मी फोनचं खोकं उघडलं होतं. तळाशी घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद होता. मी सगळे तक्ते वाचले होते, तो कागद वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं, हा फोन शून्य ते पस्तीस अंश तापमानात वापरावा.

मी ते मामाला वाचून दाखवलं. वाटलं, आता तो दुकानातली आठवण काढेल.

"पस्तीस?" तो म्हणाला. "पस्तीस तं आपल्याकडं फेब्रुवारीच्या आखरीलेच होते." कागदाची घडी घालून त्यानं तो परत खोक्यात ठेवला. मला काही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो एकोणपन्नास वर्षांचा आहे. तीन ठिकाणी विचारून आला, तिघांनीही मेल पाठवायला सांगितलं. मागच्या आठवड्यात बसनं अकोल्याला जाताना मला रस्त्यालगतचं एक केंद्र दिसलं. पॅनल मातीच्या रंगाचं झालं होतं. मी हे मामाला सांगितलं नाही.

नोकरीचं तो आता काढत नाही. मामीनं काढलं तर उठून आत जातो. पण मी गेले की मात्र एक गोष्ट विचारतोच. परवाही विचारली.

"त्या दिवशी माह्याच हातानं बॅटरी बसवली होती, अपेक्षा. यंत्र चालू होतं, म्या पाह्यलं. त्यानं नोंद घेतली असंलच. तू इंजिनीअर आहे, तुले तरी काढता येईन. एक वाजता तिथं पारा किती होता?"