लाल नाडा आणि डावा हात

"बोटं सरळ करा," डॉक्टर म्हणाले. डाव्या हाताची बोटं खालीच लोंबत राहिली. मी सगळा जोर लावला, एकही हललं नाही.

"एक्स्टेन्सर टेंडन तुटलेत," ते म्हणाले. म्हणजे हाताच्या पाठीवरून जाणाऱ्या, बोटं सरळ करणाऱ्या दोऱ्या. "आजच ऑपरेशन करू. पण हात पहिल्यासारखा होईलच, असं आत्ता सांगत नाही."

बाहेर बाकावर माझे धाकटे दीर, विलासभावजी, चहा पीत बसले होते. तो चहा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. खोटं कशाला सांगू?

करावे गावात आमचं बैठं घर. अंगणातल्या शेवग्याची मोठी फांदी पडली, म्हणून भावजींनी त्यांचा चेनसॉ आणला. विजेवर चालणारी साखळीची करवत ती. खंडेनवमीला त्यांनी तिची पूजा केली होती. हळदकुंकवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढची मूठ आणि तिच्यासमोरचा काळा कठडा यांना मिळून त्यांनी लाल नाडा करकचून बांधला होता.

"सोडू का हा?" मी विचारलं.

"राहू दे वहिनी, देवाचा हाय. काय नाय होत!"

मीही ऐकलं आणि मशीन हातात घेऊन स्वतःच फांदी कापायला लागले. हातमोजे नाहीत, चष्मा नाही. पात्याचं टोक दुसऱ्या डहाळीला लागलं आणि मशीन उलटं माझ्याकडे उसळलं. याला किकबॅक म्हणतात. अशा वेळी तो कठडा पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. कठडा म्हणजेच ब्रेक. आमचा ब्रेक देवाला बांधलेला होता. तोंड वाचवायला मी डावा हात आडवा घातला.

ऑपरेशन झालं. मग कित्येक आठवडे स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणारी पट्टी. वेणी नवऱ्याने घातली, तीही वाकडी. बेलापूरच्या ऑफिसात फायली एका हाताने उचलल्या. भावजी भेटायला यायचे आणि जो येईल त्याला सांगायचे, "वहिनीचंच लक्ष नव्हतं." मी ते शब्द मनात गोळा करत होते.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "या हाताने पहिलं काय करायचंय?"

"एक गाठ मारायचीय," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, साडीची. रोज गरम पाण्यात हात बुडवून बोटं उघडताना डोळ्यांत पाणी यायचं. पण भावजींचं तोंड आठवलं की बोटांची उघडमीट दहा वेळा जास्त व्हायची. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. आणि राग वाईट असतो, असं मला कोणी सांगू नये.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर हात जोडून सांगते. पूजा जमिनीवर पाट मांडून करा, मशीनला काही बांधू नका. सुरू करण्याआधी ब्रेक लागतो का बघा. पात्याचं टोक कशाला लागू देऊ नका.

यंदा दसऱ्याला भावजी जेवायला आले. पान वाढलं, श्रीखंड-पुरी. मी म्हटलं, "हात पुढे करा, नाडा बांधते." त्यांनी भक्तिभावाने दोन्ही हात जोडून पुढे केले. मी लाल नाडा दोन्ही मनगटांभोवती गुंडाळला आणि माझ्या डाव्या बोटांनी करकचून गाठ मारली. सगळी बोटं चालली.

"वहिनी, आता जेवू कसा?"

"जेवा की भावजी," मी म्हणाले. "काय नाय होत!"