मुखरूनं समुद्रावर चारा कसा घेतला

मुखरू गायकीला एक खोड होती, पण अहेरीच्या बाजारात ती कुणाला खोड वाटत नसे. कुणी हाक मारली की तो थांबायचा, त्या माणसासमोर उकिडवा बसायचा आणि आधी विचारायचा, "कोन्या गावचे जी? धानाचं कसं हाय औंदा?" मग समोर मीठ असो, मोहफुलं असोत की मडकी, घेण्या-न घेण्याचं बोलणं त्यानंतर. आमच्याकडं बाजार असाच भरतो. विकणारा आपल्या ढिगामागं गप्प बसलेला असतो. त्यानं हाक मारलीच तर काहीतरी काम असतं, आणि हाक मारणाऱ्याकडं पाठ फिरवायची तर आधी निदान एक भांडण तरी झालेलं असावं लागतं. ही एवढी शिदोरी घेऊन मुखरू एकोणीसशे पंचावन्नच्या माघात विलायतेच्या बोटीवर चढला आणि त्याच्या हालांना सुरुवात झाली.

तो का चढला, हेही सांगायला हवं. गायकी म्हणजे गावची गुरं राखणारा. मुखरूच्या बापानंही तेच केलं, आजानंही तेच. आदल्या वर्षी रानम्हशीचं एक पारडू त्याला नाल्याकाठी सापडलं. आईला वाघानं खाल्लं होतं. मुखरूनं ते खांद्यावर घालून घरी आणलं आणि त्याच्या बायकोनं, रुखमानं, ते आपल्या म्हशीच्या थानाला लावलं. दहा महिन्यांत ते दांडगं झालं. पण दुसऱ्या कुणाच्या हातचं गवताचं पातंसुद्धा ते घेईना. ही बातमी फिरत फिरत मुंबईच्या एका जनावरांच्या व्यापाऱ्याच्या कानावर गेली. तो सरकारी परवाना घेऊनच आला. विलायतेतल्या एका प्राण्यांच्या बागेला असं पारडू हवं होतं. परवान्यापुढं गायकी काय बोलणार? तो एवढंच म्हणाला की माझ्या हातावाचून हे खाणार नाही, वाटेत मरेल. व्यापारी हुशार होता. त्यानं पारडाबरोबर मुखरूचेही कागद केले.

निघताना रुखमा बैलगाडीशी आली. रडली वगैरे नाही. "जितं पोचवा," ती म्हणाली. "रस्त्यात मेलं त मले तोंड दाखवू नोका."

पहिली टोपी घातली ती मुंबईनंच, परमुलखाला उगीच दोष नको. चारा घेताना गवताच्या भाऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मधलं गवत ओढून काढायचं, हुंगायचं, मग बोलायचं, ही मुखरूची रीत. पण गोदीवर चाऱ्याचे गठ्ठे थेट यारीनं, म्हणजे क्रेननं, उचलले गेले. तो "थांबा जी, हात त घालू द्या" म्हणत यारीखाली धावला तर शिपायानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. बोट सुटल्यावर पाचव्या दिवशी वरचं गवत संपलं आणि गठ्ठे आतून उघडले. आत काळी बुरशी. वास असा की मुखरूनंच तोंड फिरवलं, मग पारडानं फिरवलं यात नवल ते काय. आचाऱ्यानं भाजीची सालं दिली, भाताची पेज दिली. पारडानं दोनदा जीभ लावली आणि आपल्या लाकडी पिंजऱ्यात ते कोपऱ्याला जाऊन उभं राहिलं.

बोटीवर खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, रत्नागिरीकडचा एक पिकल्या दाढीचा माणूस होता. तो म्हणाला, एडन येतंय, तिथं होड्या येतात, काय हवं ते मिळतं. त्या होड्या आल्या मात्र, मुखरूचे कान किटले. चाळीस माणसं खालून एकदम ओरडत होती. "महाराजा! महाराजा!" घड्याळं, गालिचे, चष्मे, पंखे. जन्मात कुणी त्याला महाराजा म्हटलं नव्हतं. तो बोटीच्या कठड्याशी उकिडवा बसला आणि त्यांतल्या एका जाड्याला विचारू लागला, "कोन्या गावचे जी?"

मग त्यानं खुणा केल्या. डोक्याशी दोन बोटांची शिंगं, तोंडानं रवंथ, पोटावरून हात. जाड्या आनंदानं नाचायचाच बाकी होता. त्यानं दोरी वर फेकली. दोरीला टोपली. आधी पैसे खाली, मग माल वर, असा तिथला कायदा. दोन रुपये खाली गेले आणि वर आला एक कातड्याचा उंट. हातभर उंच, काचेच्या डोळ्यांचा. जाड्याचा हिशेब सरळ होता: गिऱ्हाइकाला जनावर हवंय.

मुखरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उंट काऊन देल्ला बे? मी चारा मांगून राह्यलो!" तो ओरडला. जाड्यानं छातीवर हात ठेवून सलाम केला आणि होडी वल्हवली. आत काही खाण्याजोगं असेल तर बघू तरी म्हणून मुखरूनं कमरेच्या विळ्यानं उंटाचं पोट फाडलं. आत जुना भुसा निघाला. पारडानं तो हुंगला आणि ते शिंकलं.

"त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ नकोस," सारंगानं बजावलं. "बोललास की गेलास."

"मानूस हाका मारून राह्यला अन् मी मान फिरवू? मी का वैरी हाओ त्याचा?"

"मग घे अजून उंट," सारंग म्हणाला आणि आपल्या कामाला गेला.

सुएझला तर ही मंडळी बोटीवरच चढली. एकानं बाहीतून तसबिरी काढल्या. मुखरूनं देवाची असेल म्हणून एक पाहिली आणि लाजेनं डोळ्यांवर दुपट्टा घेतला. दुसऱ्यानं त्याच्या कानामागून कोंबडीचं जिवंत पिल्लू काढलं, मग त्याच्याच दुपट्ट्यातून आणखी एक. सगळे हसले. मुखरू कळवळून म्हणाला, "दाने त टाका जी त्याईले, उपाशी दिसते." जादूगारानं त्याच्याकडून एक रुपया मागून घेतला, मुठीत धरला, फुंकला, नाहीसा केला आणि आता आणतो अशी खूण करून निघून गेला. मुखरू तिथंच बसून राहिला. माणूस आणतो म्हणाला आहे, म्हणजे आणेल. अर्ध्या तासानं सारंगानं त्याला उठवलं.

याचा राग निवतो न निवतो तोच खालून एका निळ्या डगल्यातल्या माणसानं भारा उंच धरून दाखवला. मेथीसारखा कोवळा, ओला, हिरवागार चारा. मुखरूच्या डोळ्यांत पाणी आलं. हात घालून पाहावा तर भारा वीस हात खाली. निळ्या डगल्यानं बोटांनी भाव सांगितला. मुखरूजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं त्यात जात होतं. त्यानं टोपलीत सगळं सोडलं. भारा वर आला तेव्हा बाहेरून चार बोटं हिरवा होता. आत उसाचं वाळलेलं पाचट दाबून भरलेलं. वरवरचा हिरवा पाला पारडानं दोन घासांत संपवला आणि आणखी मागायला मान वर केली. त्या क्षणी मुखरूला त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. गावच्या शंभर जनावरांचा चारा पारखणारा गायकी, आणि दोनदा भाऱ्यात फसला. पोराटोरांनी हसावं असलं हे काम.

पुढं कालवा. बोट दोन काठांमधून बैलगाडीच्या चालीनं जात होती आणि डाव्या काठाला हिरवे पट्टे दिसत होते. तोच चारा. त्यात गुडघाभर उभ्या राहून म्हशी चरत होत्या, आपल्याकडच्यासारख्याच काळ्या, कानही तसेच हलवणाऱ्या. मुखरू कठड्याला धरून बघत राहिला. एवढा चारा डोळ्यांसमोर आणि आपल्या पारडाच्या तोंडात काही नाही. दुपारी पारडू बसलं. त्यानं शेपटीला धरून उठवायला पाहिलं तर उठेना. पोटात धड काही नसल्याला आता पाच-सहा दिवस झाले होते.

पोर्ट सैदला पोचेपर्यंत मुखरू शहाणा झाला. इतका शहाणा की सारंगालाही वाईट वाटलं. कठड्याकडं पाठ करून, डोक्यावरून कांबळं घेऊन तो पारडाशेजारी बसला. महाराजा म्हणा, राजा म्हणा, बाप म्हणा. तो ऐकत नव्हता. खांद्याला कुणी हात लावला तरी मान हलवत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो हाक मारणाऱ्याला पाठ दाखवून बसला होता, आणि सुएझच्या त्या निळ्या डगल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होता.

एक म्हातारा मात्र खालून सारखा ओरडत होता. "गामूसा! गामूसा!" घसा बसलेला, पण थांबेना. म्हशीला तिकडं तसं म्हणतात, हे सारंगानं मागाहून सांगितलं. पारडाचं कण्हणं त्या म्हाताऱ्यानं खालून ऐकलं होतं. मुखरू पुटपुटला, "बोंबल लेका, मी नाई पाहात."

पण पारडानं कान टवकारले. नाक वर केलं. मग पुढचे पाय रोवून, थरथरत, ते उठलं आणि असं हंबरलं की मुखरूच्या डोक्यावरचं कांबळं पडलं. तो कठड्याशी धावला. खाली कांद्याची होडी होती, आणि कांद्याच्या गोण्यांमागं हिरव्या चाऱ्याचे तीन भारे.

आता मुखरू शिकलेला होता. म्हाताऱ्यानं दोरीनं फेकलेली टोपली त्यानं ओढून धरली आणि मूठ दाखवली: आधी मूठभर दे, जनावराला दाखवतो. म्हातारा समजला. त्यानं एका भाऱ्यात हात घालून मधला चारा उपसला आणि वर पाठवला. पारडानं तो मुखरूच्या तळहातासकट चाटून नेला. पैसे नाहीत, अशी खूण मुखरूनं केली. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडं बोट केलं. सौदा ठरला. पण मुखरू दुपट्टा टोपलीत टाकतो तोच म्हाताऱ्यानं पारडाचं हंबरणं पुन्हा ऐकलं, जरा विचार केला आणि कांबळ्याकडंही बोट केलं.

"आता त दुपट्टा म्हनला होतास ना बे!" मुखरू किंचाळला. "जनावर उपाशी हाय म्हनून भाव वाढवून राह्यला? तुयी म्हैस मेली असती अशी त?"

म्हाताऱ्यानं शांतपणे दोन बोटं दाखवली. दुपट्टा आणि कांबळं.

माघाची थंडी आणि बोट उत्तरेला निघालेली. सारंगानं सांगितलंच होतं की पुढं बर्फ असतो. मुखरूनं कांबळं टोपलीत कोंबलं आणि दोरी सोडली. तीन भारे वर आले. त्यानं एकेकात कोपरापर्यंत हात घातला, मधला चारा ओढला, हुंगला. शेवटपर्यंत हिरवा. मग कठड्यावरून वाकून त्यानं त्या म्हाताऱ्याला लुच्चा, चोर, हरामखोर असं सगळं म्हटलं, आणि त्याच दमात "तुयी म्हैस दुधाची राहो" असंही म्हटलं. म्हातारा कांबळं पांघरून कांदे विकू लागला होता.

पुढचे दहा दिवस मुखरू पारडाला बिलगून झोपला. उबेला दुसरं काही नव्हतंच. तीन भारे त्यानं मुठीमुठीनं पुरवले. वाटेतल्या एका बंदरात सारंगानं ओळखीनं चांगलं वाळलं गवत मिळवून दिलं. ज्या गावाला ते उतरले त्याचं नाव मुखरूला कधी धड घेता आलं नाही, म्हणून आपणही ते सोडून देऊ. पारडू स्वतःच्या पायांनी उतरलं. बागेच्या लोकांनी त्याला तोललं, दात पाहिले, मोटारीत घातलं. व्यापाऱ्याच्या तिथल्या माणसानं मुखरूला एक जुना कोट आणि बक्षीस म्हणून त्या देशाची काही नाणी दिली.

मुखरू चैतात घरी आला. टोल्यावरची सगळी वस्ती अंगणात जमली. कातड्याचा उंट, दुपट्ट्यातली पिल्लं, पाचटाचा भारा, सांगताना त्याला पुन्हा राग यायचा आणि लोक पोट धरून हसायचे. शेजारच्या चैतूनं तर उंटाची गोष्ट तीनदा सांगायला लावली. पांगापांग झाल्यावर सुपात धान पाखडता पाखडता रुखमानं विचारलं, "पारडू जितं हाय ना? का उगाच सांगून राह्यले?"

"हाय. परतीची बोट चार दिसानं होती, त मी बागंत जाऊन पाह्यलो. तिकीट काडून."

"कायचं तिकीट?"

"पारडाले पाहाचं. दारावर एक बाई बसली होती. मीच आनलो हे पारडू म्हनून हात करकरून सांगतलो. थे हासली अन् तिकीट पुढं केली."

रुखमाचा हात सुपातच थांबला. "आपल्या पारडाले पाहाचे पैसे देल्ले?"

"देल्लो."

"अन् भाव नाई केला?"

"नाई केलो," मुखरू म्हणाला. "अजून मांगली असती त अजून देल्लो असतो."