पाठ टेकल्यावर

पाठ टेकलेल्या माणसाच्या तोंडावर बुक्क्या पडत होत्या तेव्हा तुम्ही काय करत होता? तुम्हालाच विचारतोय. मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होता, का ‘मार, मार’ करून घसा फाडत होता? उमरग्यात हायवेच्या चहाच्या टपऱ्यांवर जे शहाणे आज छाती ठोकून सांगतात की धुळाप्पा हैदराबादला विकला गेला, जिंकलेली फाईट मुद्दाम सोडून आला, त्यातले निम्मे त्या दिवशी आमच्या गावच्या यात्रेत कुस्तीच्या फडाच्या कडेला बसले होते. मी एकेकाचं तोंड ओळखतो. म्हणून धुळाप्पाची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. पटली नाही तर दारात येऊन भांडा, पण आधी ऐका.

धुळाप्पा मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमचं गाव कर्नाटकाच्या शिवेला लागून, त्यामुळं त्याची आई इरम्मा निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलते. पोरगं मिसरूड फुटायच्या आत एवढं वाढलं की घराच्या चौकटीला कपाळ आपटून घ्यायला लागलं. असलं अंग वाया कशाला घालवायचं म्हणून बाबामियाँ वस्तादांनी त्याला हाताला धरून गावच्या तालमीत नेलं. त्या तालमीत आधी डाव शिकवत नाहीत, सोडायला शिकवतात. समोरच्याची पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. तिथंच पकड सुटली पाहिजे आणि ज्या हातानं आपटलं तोच हात पुढं करून त्याला उठवलं पाहिजे. ज्याचा हात मागं राहील त्याच्या बोटांवर वस्तादांची छडी. “गिराना तो भैंस कू बी आता,” वस्ताद म्हणायचे. “उठाना सीक.”

धुळाप्पाच्या हाडात ते मुरलं. एकदा ढाब्यावर ट्रकच्या क्लीनरनं त्याला आईवरून शिवी हासडली. धुळाप्पानं त्याला कमरेवर घेऊन डांबरावर आपटला, आणि सवयीनं उठवायला हात दिला. क्लीनरनं डाव्या हातानं तो हात धरला आणि उजव्या हातानं शेजारी पडलेली चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलून त्याचं कपाळ फोडलं. गावानं महिनाभर हसून घेतलं. वस्ताद मात्र खूश. डोस्कं फुटलं पण हात चुकला नाही, म्हणाले.

मातीतला हा गडी मॅटवर चालला नाही. निवड चाचणीत चपळ गडी गुणांवर त्याला गुंडाळून गेले. तेव्हा उमरग्यात कराटे शिकवणाऱ्या एका सरांनी त्याला किकबॉक्सिंगला ओढलं, कारण हेवीवेटला त्यांना माणूसच सापडत नव्हता. धुळाप्पानं लिंबाला ट्रकचा टायर टांगला आणि नडगीनं झोडपत सुटला. नडगी फुटायची, इरम्मा त्यात हळद भरायची, दुसऱ्या दिवशी परत टायर. राज्य स्पर्धेत त्यानं एकाची मांडी अशी सडकली की तो उभ्या उभ्या खाली बसला आणि पाय पोटाशी धरून लेकरासारखा रडला. पुढच्याच्या बरगड्या मोडल्या. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज, पत्र्याच्या शेडात मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. लाथ घातल्यावर गडी पडला की धुळाप्पा हात द्यायला जायचाच. पंच त्याला ढकलून कोपऱ्यात पाठवायचे.

मग पुण्याला बॉक्सिंग. तिथं पहिले कित्येक दिवस तो दुसऱ्यांच्या सरावासाठी उभा केलेला खांब होता. मार खाऊन खाऊन मारायला शिकला. त्याच्या उजव्या हाताच्या एका ठोशानं एका गड्याचा जबडा निखळून कानाकडं सरकला. धुळाप्पाचं नाक मोडलं, बसवलं, परत मोडलं. डावी भुवई इतक्यांदा शिवली की तिथं केस उगवायचे बंद झाले. शेवटी बरगडीखाली असा एक ठोसा बसला की तो गुडघ्यावर येऊन हिरवं ओकला, आणि त्यानंतर त्याला बोलवणारं कुणी राहिलं नाही.

बोलावलं हैदराबादनं. जाळीचा पिंजरा. लाथ चालते, बुक्की चालते, कुस्ती चालते. गाव म्हणालं, आता बघा, हे तर आपल्या धुळ्यासाठीच काढलंय.

पहिल्याच फाईटीत त्यानं समोरच्याला धोबीपछाड घालून असा आपटला की अख्खा पिंजरा हलला. पाठ टेकली. धुळाप्पानं पकड सोडली, उभा राहिला आणि वाकून हात पुढं केला. पिंजऱ्यात पाठ टेकली म्हणून काही संपत नाही. एकानं हार मानावी लागते, नाहीतर पंचानं सोडवावं लागतं. खाली पडलेल्यानं टाच वर फेकली ती धुळाप्पाच्या नाकावर. नाक कपाळात गेल्यासारखं झालं. तो उताणा पडला आणि त्याच गड्यानं छातीवर बसून त्याच्या तोंडाचा लगदा केला. देशभर त्या व्हिडिओवर लोक खदाखदा हसले. त्याला नाव पडलं ‘शेकहँड पैलवान’. आपली पोरंसुद्धा त्याला बघून हात पुढं करायची आणि दात काढायची.

हैदराबादच्या कोचनं त्या सवयीवर इलाज काढला. माणसाएवढा वाळूचा पुतळा आपटायचा, छातीवर बसायचं आणि कोच शिट्टी मारेपर्यंत हाणायचं. शिट्टी मुद्दाम उशिरा यायची. शिट्टीआधी हात थांबला तर सगळं पहिल्यापासून. पुतळे फाटले, वाळू सांडली, नवे पुतळे आले. वस्तादांनी छडीनं घातलेलं कोचनं शिट्टीनं काढलं. मग धुळाप्पा जिंकायला लागला. एकाचं गालफाड उघडून दात दिसले. एकाला त्यानं शुद्ध हरपल्यावरही हाणलं, पंच अंगावर पडेपर्यंत. आपण काय केलं? पेढे वाटले. शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांच्या छातीवर बसायला लागली आणि आपण म्हणालो, पोरात दम आहे.

अशात यात्रा आली. शेवटची मानाची कुस्ती धुळाप्पाची, येरमाळ्याच्या उत्तरेश्वरबरोबर. उत्तरेश्वर सरळ गडी, अंगानं तसाच भक्कम, मातीशिवाय कशात पडला नाही. हलगी कडाडत होती. बराच वेळ दोघं एकमेकांच्या मानेवर लाकडासारखे रेलले होते. मग धुळाप्पानं त्याला उचलला आणि आपटला. स्वच्छ चीत. हलगी थांबली. उत्तरेश्वरनं अंग सैल सोडलं आणि, कुणीही पैलवान करतो तसं, उठण्यासाठी आपला हात वर केला.

धुळाप्पानं तो हात बाजूला सारला आणि बुक्की घातली.

पहिल्या बुक्कीला फड गप्प झाला. दुसरीला गालाचं हाड आत गेलं. तिसरीच्या आधी तुमच्यातल्या कुणीतरी ‘मार धुळ्या’ म्हणून आरोळी ठोकली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या कडेनं. इरम्मा देवळाच्या कट्ट्यावरून ओरडत होती, “साकु, धुळाप्पा, साकु.” साकु म्हणजे बास, हे शिवेवरच्या शेंबड्या पोराला कळतं. तुमच्या गोंगाटात ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. बाबामियाँ वस्तादांनी मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली. धुळाप्पानं न बघता कोपर मागं हाणलं. म्हाताऱ्याचे पुढचे दात मातीत पडले. ती पांढरी दाढी लाल झालेली दिसली तेव्हा त्याचे हात थांबले.

“शिट्टी न्हाय वाजली,” तो म्हणाला. एवढंच.

उत्तरेश्वरला सोलापूरला हलवलं. डावा डोळा गेला. केस झाली, ती चालू आहे, तिच्यावर मी बोलणार नाही. धुळाप्पा पुढं येरमाळ्याला गेला. त्यांच्या अंगणात उत्तरेश्वरची आई गजराबाई शेंगा फोडत बसली होती. धुळाप्पा हात जोडून उभा राहिला. तिनं वर बघितलं.

“पाठ टेकल्यावर बी मारत हुतास का रं?”

“व्हय.”

“मग जोडू नगंस. त्येच हात हायेत न्हवं?”

वस्तादांनी त्याला तालमीचं दार बंद केलं. त्यांचा निकाल सरळ होता: जोवर शिट्टीशिवाय, कुणी न सांगता हात थांबत नाहीत, तोवर मातीत पाय ठेवायचा नाही. आणि हे तालमीत नाही, तिकडं जाळीत सिद्ध करायचं, जिथं ते हात बिघडले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला राग आलाय, उतरेल. धुळाप्पाला कळलं की राग नव्हे, हे कोडं आहे. पिंजऱ्यात पंचानं सोडवायच्या आधी थांबायचं म्हणजे हरायचं.

यंदा हैदराबादला पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची फाईट लागली. समोर पंजाबचा गडी, धुळाप्पापेक्षा वीतभर उंच. मी जाळीला लागून उभा होतो. ज्यांना फाईट विकलेली दिसली त्यांनी हे ऐकावं. पहिल्या फेरीत त्या गड्याच्या गुडघ्यानं धुळाप्पाचे ओठ फाटून खाली लोंबले. दुसरीत भुवई उघडली आणि रक्तानं एक डोळा मिटला. विकलेला माणूस असा मार खातो काय? तिसऱ्या फेरीत धुळाप्पानं नडगीनं त्याची मांडी सडकली, बरगडीखाली ठोसा घातला आणि तो वाकला तशी कमरेवर घेऊन आपटला. त्याच्या तिन्ही विद्या एका दमात. छातीवर बसला. एक बुक्की, दुसरी. पंजाबच्या गड्याच्या तोंडातलं दात वाचवायचं रबर बाहेर पडलं, डोळे पांढरे झाले. मग त्याचा एक हात आपोआप हवेत वर आला, काही धरायला शोधतोय असा.

धुळाप्पाची मूठ कानाजवळ होती. हजारो माणसं ‘मारो, मारो’ ओरडत होती. कोच जाळीवर थडाथडा हात आपटत होता. पंच नुसता बघत होता.

धुळाप्पानं मूठ उघडली. तो हात धरला, गड्याला ओढून बसता केला आणि उभा राहिला. पंचानं लढायची खूण केली. धुळाप्पा फाटक्या ओठांतून म्हणाला, “साकु.” पंचाला कळलं नाही, त्यानं परत खूण केली. “साकु. न्हाय लढत.” पंचानं हात हलवून फाईट संपवली आणि पंजाबच्या गड्याचा हात वर केला. त्याला दोघांनी काखेत धरून उभं केलं होतं. आपण जिंकलो हे त्याला माहीत नव्हतं.

कोचनं धुळाप्पाला तिथंच काढून टाकलं. आता त्याला कुठलाच पिंजरा बोलवत नाही, आणि तुम्ही म्हणता विकला गेला.

तो गावी आला तो सरळ तालमीच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. ओठांवर टाके. वस्ताद आत बसले होते. दात नसल्यानं आता त्यांचे शब्द फसफसतात.

“हात रुक्या?”

“रुकला, वस्ताद.”

“शिट्टी वाजी थी?”

“न्हाय.”

“आ अंदर. खोरं ले.”

तेव्हापासून धुळाप्पा रोज माती खणतो, तिच्यात ताक, तेल, हळद घालतो आणि पोरांना पहिल्यांदा सोडायला शिकवतो. उत्तरेश्वरनं त्याला माफ केलेलं नाही, आणि का करावं? पण यंदाच्या यात्रेत धुळाप्पा फडात उभा राहणार आहे, कुस्ती धरायला नाही, पडलेल्याला हात द्यायला. ते ऐकून उत्तरेश्वरनं येरमाळ्याहून निरोप धाडला, की मी पुढं येऊन बसणार, त्यो हात कसा देतोय ते ऱ्हायलेल्या डोळ्यानं बघणार.

धुळाप्पाचे हात आता थांबतात. राहिली ती तुमची तोंडं. यात्रेला या. कुस्ती चालू असेल तोवर घसा फाडा, शिट्ट्या मारा, पागोटी उडवा. पण पाठ टेकली आणि हलगी थांबली, की मोबाईल खिशात घाला आणि गप्प बसा. उत्तरेश्वर समोरच बसलेला असेल, त्याच्यादेखत तेवढं एकदा करून दाखवा.